डब्यातली हवा: तारप्यापासून डिकीतल्या सबवूफरपर्यंत

(ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी या भागाचा मजकूर. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं पूर्ण केलीत, बाकी जसं बोललो तसंच.)



सुरुवातीलाच एक प्रश्न. मोबाईलवर गाणं लावून तो कधी स्टीलच्या ग्लासात उभा ठेवलाय? ठेवला असणारच. हॉस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाने ठेवलाय. आवाज एकदम भरतो, बरोबर? आता बघा, ग्लासाला वायर नाही, बॅटरी नाही, ॲम्प्लिफायर नाही. मोबाईलचा आवाज आधी होता तेवढाच. मग हा जास्तीचा आवाज आला कुठून?

उत्तर असं, की मोबाईलचा इवलासा स्पीकर आधी खोलीतल्या हवेला नीट ढकलूच शकत नव्हता. ग्लासाने त्याला पकड दिली. म्हणजे आवाज फक्त स्पीकर करत नाही. स्पीकरभोवती तुम्ही काय ठेवता, तेही तितकंच आवाज करतं. आजचा भाग याच "भोवतीच्या" वस्तूचा इतिहास आहे. साध्या भाषेत, डब्याचा इतिहास.

हा विषय सुचला कसा ते सांगतो. मी मूळचा जव्हार-मोखाड्याकडचा. बीटेक केलं, आता दिवसभर कोड लिहितो, आणि महिन्यातून दोनदा छोट्या हॅचबॅकने गावी जातो. त्या गाडीसाठी मी सबवूफरचा डबा स्वतः बनवायला घेतला. दुकानात तयार डबे मिळतात, पण ते डिकीची सगळी जागा खातात, आणि घरून आईची एकच अट होती: "तांदळाचं पोतं मावलं पाहिजे." मग कमीत कमी जागेत खोल आवाज कसा काढायचा, हे शोधता शोधता मी तीनशे-साडेतीनशे वर्षं मागे गेलो, आणि शेवटी पोचलो आमच्याच गावात.

स्पीकरला डबा लागतोच कशाला?

घरात जुना स्पीकर पडला असेल तर हा प्रयोग करून बघा. डब्यातून काढलेला उघडा स्पीकर टेबलावर ठेवा आणि गाणं लावा. चिरका, पत्र्यासारखा आवाज येईल. ढोलक ऐकूच येणार नाही. आता एका मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर आतल्या बाजूने घट्ट दाबून धरा. बास परत येतो.

कारण सोपं आहे. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे प्रत्येक स्पीकर एका वेळी दोन आवाज काढतो, एक पुढून, एक मागून, आणि दोन्ही एकमेकांच्या बरोबर उलटे. खोल सुरांच्या लाटा लांबलचक असतात. ४० हर्ट्झच्या सुराची एक लाट साडेआठ मीटरच्या आसपास भरते. एवढी लांब लाट स्पीकरच्या कडेने सहज वळून पुढे येते आणि पुढच्या आवाजाला मारून टाकते. खोक्याचं पहिलं काम म्हणजे या दोघांची गाठ पडू न देणं.

पण मागची हवा कोंडली, की दुसरी गंमत सुरू होते. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबा, तो परत उसळतो. रॉबर्ट बॉइल यांनी १६६० साली छापलेल्या पुस्तकात हवेसाठी "स्प्रिंग" हाच शब्द वापरला होता. शाळेत आपण बॉइलचा नियम पाठ केला, पण तो नियम आपल्या डिकीत काम करतो हे कोणी सांगितलं नाही.

डोंगरातले डबे

आता थोडं आमच्याकडे या.

वारली चित्र तुम्ही पाहिलंच असेल. टी-शर्टवर, मोबाईलच्या कव्हरवर, हॉटेलच्या भिंतीवर. त्यात माणसांची एक गोल गोल फिरणारी साखळी असते, आणि मध्ये एक जण लांब वाद्य तोंडाला लावून उभा असतो. ते वाद्य म्हणजे तारपा. वाजवणारा तो तारपकरी. नाचणारे त्याच्याभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत.

इंजिनिअरच्या नजरेने तारपा उघडून बघू. वर वाळवलेला दुधी भोपळा. त्यात फुंकायचं. भोपळ्यात बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या, त्यांना कंप पावणाऱ्या पात्या, आणि सगळे सांधे मेणाने बंद. खाली, नळ्यांच्या टोकाला, ताडाच्या पानांचा गुंडाळत गुंडाळत रुंद होत गेलेला कर्णा.

यातला प्रत्येक भाग वेगळं काम करतो. भोपळा ही हवेची टाकी आहे. पात्या थेट ओठांत नसतात, भोपळ्यातल्या दाबाखाली थरथरतात. गालात हवा धरून, नाकाने श्वास घेत, तारपकरी हा दाब तुटू देत नाही, म्हणून सूर तासन् तास अखंड चालतो. मेण हे सील आहे. एक सांधा गळला तर दाब गेला. आणि ताडाचा कर्णा? तो तेच करतो जे तुमच्या स्टीलच्या ग्लासाने केलं. बारीक नळीतल्या हवेची ताकद हळूहळू रुंद होत जाणाऱ्या तोंडातून बाहेरच्या मोठ्या हवेला नीट सोपवतो. इंग्रजीत याला हॉर्न म्हणतात, आणि सगळ्या लाऊडस्पीकरांचा पूर्वज हाच आहे.

एवढ्यावर थांबत नाही. भगताच्या हातात घांगळी असते. बांबूच्या दांडीला तार आणि खाली वाळके भोपळे. इथे भोपळा टाकी नाही, तो आवाज घुमवणारा डबा आहे. आणि होळीनंतरच्या दिवसांत आमच्याकडे बोहाडा होतो, लाकडी मुखवटे घालून देवादिकांची सोंगं रात्रभर नाचतात, तेव्हा संबळ वाजतो. संबळ म्हणजे वरून कातडं आणि खालून पूर्ण बंद भांडं. कातड्याखालची कोंडलेली हवा त्याचा आवाज घडवते.

थोडक्यात, कर्णा, घुमणारा डबा आणि बंद डबा. स्पीकरचे डबे पुढे साधारण याच तीन घराण्यांत विभागले गेले. ते बनवणाऱ्यांनी तारप्याकडे पाहून बनवले असं मी अजिबात म्हणत नाही. हवा सगळीकडे सारखीच वागते, म्हणून तिला नीट हाताळणारे लोक वेगवेगळ्या वाटांनी त्याच तीन ठिकाणी पोचतात, इतकंच.

कर्ण्यापासून कपाटापर्यंत

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ बनवला. त्यात वीज नव्हतीच. सुईची थरथर एका पडद्याला, पडद्याची कर्ण्याला, कर्ण्याची खोलीला. १९०२ मध्ये गौहर जान यांचं गाणं कलकत्त्यात रेकॉर्ड झालं, तेव्हा त्यांनाही कर्ण्याच्या तोंडाशी गावं लागलं. आवाज आत जायला कर्णा, बाहेर यायलाही कर्णा.

कर्ण्याचा एकच त्रास. जितका सूर खोल, तितकं त्याचं तोंड मोठं लागतं. दिवाणखान्यात एवढा मोठा भोंगा कोण ठेवणार? म्हणून १९०६ साली व्हिक्टर कंपनीने कर्णा घडी घालून लाकडी कपाटात लपवला आणि त्या यंत्राला नाव दिलं व्हिक्ट्रोला. आवाजाचा डबा हा फर्निचरचा भाग झाला तो इथून.

मग वीज आली. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी ज्या स्पीकरचं वर्णन प्रसिद्ध केलं, तो आजच्या स्पीकरचा थेट खापरपणजोबा: कागदाचा शंकू, मागे तारेची गुंडाळी, त्यामागे चुंबक. आता कर्ण्याची गरज राहिली नाही, पण तो पुढचा-मागचा भांडणाचा प्रश्न उभा राहिला.

बेल लॅब्जमधल्या अल्बर्ट थुरास यांनी त्यावर हुशार तोडगा काढला. मागचा आवाज वाया का घालवायचा? डब्याला एक भोक ठेवा, त्यात नळी बसवा. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की "हूं" असा एकच सूर येतो ना, तसा या डब्याचाही एक सूर असतो. त्या सुराच्या आसपास मागचा आवाज उलटा होऊन नळीतून पुढच्या आवाजाच्या तालात बाहेर येतो. पेटंटसाठी अर्ज १९३० चा, मंजुरी १९३२ ची. आज टेम्पोवर रचलेल्या डीजेच्या डब्यांना भोकं दिसतात, ती याच कल्पनेची लेकरं.

डबा लहान करणारा मास्तर

इथे माझा आवडता माणूस येतो. एडगर विलचर. १९५० च्या आसपास चांगला बास हवा असेल तर फ्रीजएवढा डबा लागायचा. विलचर न्यूयॉर्क विद्यापीठात ऑडिओ शिकवायचे. त्यांनी प्रश्नच उलटा विचारला.

त्या काळच्या स्पीकरचा पडदा कडेने ताठ धरलेला असायचा, म्हणजे तो स्वतःच स्प्रिंग होता. आणि कापड-कागदाची स्प्रिंग सरळ वागत नाही. थोडं ओढलं तर ठीक, जास्त ओढलं तर अडते, आणि बास फाटतो. विलचर म्हणाले, पडद्याची पकड एकदम ढिली करा, आणि स्प्रिंगचं काम कोंडलेल्या हवेला द्या. हवा कापडापेक्षा कितीतरी सरळ वागते. पण हवेची स्प्रिंग पुरेशी कडक हवी असेल तर डबा लहानच लागतो. म्हणजे लहान डबा ही तडजोड उरली नाही, ती गरज झाली.

मोठ्या कंपन्यांनी कल्पना नाकारली. मग विलचर आणि त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये अकॉस्टिक रिसर्च नावाची स्वतःची कंपनी काढली. त्यांचा पहिला स्पीकर, एआर-१, पुस्तकांच्या कपाटात मावायचा आणि फ्रीजएवढ्या डब्यांशी टक्कर द्यायचा. विलचर यांना १९५६ मध्ये पेटंट मिळालं, पण पुढे ते कोर्टात टिकलं नाही, कारण हॅरी ओल्सन यांचं जवळपास त्याच कल्पनेचं पेटंट आधीचं होतं. विलचर यांनी वाद वाढवला नाही. मग सगळ्याच कंपन्यांना तसा डबा बनवायची मुभा मिळाली. आज तुम्ही बंद डब्यातला छोटा सबवूफर घेता, तेव्हा त्या हरलेल्या केसचाही त्यात वाटा आहे.

अंदाज संपला, आकडे आले

तरीही एक अडचण होती. डबा नेमका किती लिटरचा? बऱ्याचदा बनवा, ऐका, कापा, परत बनवा असंच चालायचं.

१९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील या इंजिनिअरने एक निबंध छापला. त्यांचं म्हणणं: डब्यातला स्पीकर हा गणिताने एखाद्या फिल्टर सर्किटसारखाच आहे. स्पीकरचे मोजके आकडे मोजा, उत्तर कागदावर येईल. निबंध ऑस्ट्रेलियातल्या नियतकालिकात आला आणि बाहेरच्या जगाने फारसा वाचलाच नाही. तो १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये पुन्हा छापला गेला. दरम्यान रिचर्ड स्मॉल हा अमेरिकन तरुण सिडनी विद्यापीठात पीएचडी करत होता. त्याने १९७२-७३ मध्ये बंद डबा, भोकाचा डबा, सगळ्यांचं गणित एकेक करून मांडलं. आज प्रत्येक सबवूफरच्या खोक्यात जो आकड्यांचा कागद येतो, त्याला "थील-स्मॉल पॅरामीटर" म्हणतात ते यांच्यामुळे.

मला कोडरला हे फारच आवडलं. हा कागद म्हणजे स्पीकरचं एपीआय डॉक्युमेंटेशन आहे. आत काय चाललंय ते उघडून बघायची गरज नाही. तीन आकडे घ्या, सूत्रात टाका.

छोट्या गाडीचा फायदा

आता गाडीत बसू.

गाडीत रेडिओ खऱ्या अर्थाने रुजला १९३० मध्ये, गॅल्विन बंधूंच्या कंपनीमुळे. त्यांनी मोटारीतल्या रेडिओला "मोटोरोला" नाव दिलं. मोटर आणि व्हिक्ट्रोला, दोन्हींची सांगड. पुढे कंपनीचंच नाव तेच झालं. म्हणजे तुमच्यापैकी कोणी मोटोरोलाचा फोन वापरत असेल, तर त्याच्या नावात अजून कपाटात लपवलेला कर्णा आहे.

आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची चावी ग्राहकाच्या हातात पडली. छोटी गाडी मध्यमवर्गाची झाली, त्यात कॅसेट प्लेअर आला, मागच्या काचेखालच्या फळीवर अंडाकृती स्पीकर आले. मग "पीएमपीओ"चा काळ आला. डब्यावर हजार-हजार वॉट छापलेले, खरी ताकद वीस-तीस वॉट. आपल्या डोक्यात वॉट म्हणजेच आवाज हे समीकरण बसलं ते तेव्हापासून. डबा कोणी विचारेनासं झालं.

आणि इथे निसर्ग छोट्या गाडीच्या बाजूने उभा राहतो. सुराची अर्धी लाट गाडीच्या आतल्या लांबीपेक्षा मोठी झाली, की लाट आत पसरायला जागाच उरत नाही. मग स्पीकर आतली सगळी हवा एकदम दाबतो आणि सोडतो, पंपासारखा. माझ्या गाडीत आतली लांबी साधारण अडीच मीटर, म्हणजे ही हद्द ७० हर्ट्झच्या जवळ येते. त्याखाली गाडीच बास वाढवते, सूर जितका खोल तितका जास्त. बंद डब्याचा बास खाली जाताना ज्या उताराने कमी होतो, जवळजवळ त्याच चढाने गाडी तो भरून काढते. खऱ्या गाडीत दारं-पत्रे थरथरतात, काचा फटीने गळतात, म्हणून हिशोब थोडा कमी भरतो. पण दिवाणखान्यात जो डबा अपुरा वाटेल तो हॅचबॅकमध्ये पुरतो. विलचर यांनी घरासाठी केलेला डबा गाडीत जास्त शोभतो.

माझा डबा

ज्यांना फक्त बनवायचाय ते इथूनच ऐकायला सुरुवात करतात, मला माहितीये!

मी दहा इंची सबवूफर घेतला. कागदावरचे आकडे: स्वतःची कंपनसंख्या ३२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हास ३० लिटर. व्हास म्हणजे त्या पडद्याच्या ताठपणाइतकी स्प्रिंग द्यायला किती लिटर हवा लागेल तो आकडा. बंद डब्यात शेवटचा क्यू ०.७०७ आला की आवाज सपाट आणि आवरलेला राहतो. सूत्र असं: ०.७०७ ला ०.४५ ने भागा, वर्ग करा, एक वजा करा. येतात साधारण १.४७. आता ३० ला १.४७ ने भागा. उत्तर २०.४ लिटर. डब्यातली नवी कंपनसंख्या ५० हर्ट्झ. त्यात स्पीकरचं चुंबक आत जेवढी जागा अडवतं ते दीड लिटर धरा, म्हणजे जवळपास २२ लिटर. पिण्याच्या पाण्याचा मोठा जार २० लिटरचा असतो, त्याहून थोडा जास्त. भोकाचा डबा याच स्पीकरला बराच मोठा लागला असता, म्हणून तो विचार सोडला.

आतली मापं: रुंदी ४५ सेंटीमीटर, उंची २६, खोली खाली २२ आणि वर १६. असा तिरका का? कारण मागच्या सीटची पाठ तिरकी असते. डबा तिला चिकटून बसला की पुढे पोत्याला जागा उरते. सरासरी खोली १९ धरा आणि गुणून बघा, २२.२ लिटर येतात.

लाकडाचं बघा. बहुतेक व्हिडिओंत एमडीएफ सांगतात. आमच्याकडे चार महिने जो पाऊस पडतो त्यात एमडीएफ कडेने फुगतो, सांधा सुटतो. गावातल्या सुतारकाकांना मापं दाखवली, तर ते कागदाकडे न बघता आधी म्हणाले, "पाण्याचा प्लाय घे रे बाबा, हा पुठ्ठा श्रावणात भाकरीसारखा फुगंल." म्हणून १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घेतला. सांध्यांना फेविकॉल, दर दहा सेंटीमीटरला स्क्रू, आतून सगळ्या कोपऱ्यांना सिलिकॉन. सिलिकॉन पूर्ण सुकायच्या आधी स्पीकर बसवू नका.

काका म्हणाले, "एवढं कशाला बुजवतोस? पाणी भरायचंय का यात?" मी म्हटलं, "काका, हवा भरायचीये." ते हसले आणि म्हणाले, "मंग तारप्यावाणी मेण लाव की!" काकांनी थील आणि स्मॉल ऐकलेले नाहीत. पण सांधा गळला की सूर जातो, हे त्यांना मला समजावून सांगावं लागलं नाही.

गळती तपासायची सोपी युक्ती: स्पीकर बसवल्यावर साबणाचं पाणी सांध्यांवर बाहेरून लावा आणि पडदा सगळ्या बोटांनी हलकेच आत दाबा. बुडबुडा दिसला तिथे गळती. पडदा सोडल्यावर सावकाश परत आला तर डबा घट्ट आहे.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. स्पीकरसकट डब्याचं वजन ११-१२ किलो होतं. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना जी वळणं लागतात, तिथे एक जोरात ब्रेक लागला की मोकळा डबा सीटच्या पाठीवर आदळणार. त्याला लोखंडी पट्टीने जमिनीला बांधा. आणि ॲम्प्लिफायरची वायर बॅटरीतून जिथे निघते, तिथे वीतभर अंतरात फ्यूज हवाच. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी वाटी घाला, नाहीतर पत्रा वायर कापेल.

पोतं मावतं. आईने मोजून बघितलं.

कोणासाठी किती आवाज?

आता ज्याच्यासाठी हा भाग केला ते.

गावातल्या माझ्या मावसभावाने डबा ऐकला आणि पहिला प्रश्न विचारला, "दादा, आवाज किती लांब जातो?" काच बंद केली तर फार नाही, म्हटलं. त्याचा चेहरा पडला. त्याच्या लेखी चांगला आवाज म्हणजे शेजारच्या पाड्यापर्यंत जाणारा. त्याच्या आधीच्याच महिन्यात आमच्याकडच्या एका लग्नात मी पाहिलं होतं, मांडवात तारपकरी बसला होता, विधीपुरता वाजवला, आणि टेम्पोवरची भिंत सुरू झाली तसा त्याने तारपा कापडात गुंडाळला. कोणी त्याला थांब म्हटलं नाही. गरजच नव्हती. दोन मीटरवरही तो ऐकू आला नसता.

कायद्याचं बोलायचं तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. पण यात एक तांत्रिक मेख आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. हे डेसिबल "ए" मापाने मोजतात, म्हणजे माणसाच्या कानासारखं. त्या मापात ५० हर्ट्झचा सूर ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे मीटरला बास जवळजवळ दिसतच नाही. पण घरावरच्या पत्र्याला दिसतो, म्हाताऱ्या माणसाच्या छातीला दिसतो, पाळण्यातल्या बाळाला दिसतो. त्यामुळे "मीटरमध्ये बसतंय" हे उत्तर मला तरी पुरत नाही.

मी डीजेच्या विरोधात भाषण देणार नाही. मीही नाचलोय. मला फक्त एक गोष्ट या इतिहासातून दिसली, ती सांगतो. प्रत्येक डबा कोणासाठी तरी मापलेला असतो. तारप्याचा कर्णा अंगणात फिरणाऱ्या एका साखळीसाठी मापलेला आहे. शेवटच्या नाचणाऱ्यापर्यंत सूर पोचतो, त्याच्या पलीकडचं रान झोपू शकतं. व्हिक्ट्रोला एका दिवाणखान्यासाठी होता. माझा डबा चार माणसांसाठी आहे. टेम्पोवरची भिंत कोणासाठी मापलेली आहे, हे ती लावणाऱ्याला सांगता येत नाही, कारण तिथे माप हा शब्दच नसतो, फक्त अजून दोन डबे असतात.

आणि जी माणसं मापाने डबा बनवायची ती कमी होत चाललीत. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा, नव्वदी ओलांडलेले तारपावादक, यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२६ च्या पद्म पुरस्कारांत त्यांचं नाव पद्मश्रीसाठी आलं. फोनवर बातमी सगळ्यांनी फॉरवर्ड केली. फार बरं वाटलं. पण तारपा वाजवायला आधी तारपा असावा लागतो. दुधी वेलावरच जून होऊ द्यावा लागतो, वाळवावा लागतो, ताडाची पानं निवडून गुंडाळावी लागतात, पात्या जुळवाव्या लागतात. हे शिकायचे दिवस म्हणजे भात निघाल्यानंतरचे. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडची कितीतरी घरं कुलूप लावून वीटभट्ट्यांवर जातात. शिकवणारा पाड्यावर, शिकणारा भट्टीवर. यात डीजेचा दोष किती आणि पोटाचा किती, ते तुम्हीच ठरवा.

थुरास, विलचर, थील, स्मॉल. यांची नावं मला माहीत आहेत कारण त्यांनी लिहून ठेवलं. भोपळ्याला मेण लावून पहिल्यांदा हवा कोंडणाऱ्याचं नाव कुठेच नाही. पण त्याचं काम अजून काही हातांत आहे. आणि आपल्या खिशात कॅमेरा आहे, रेकॉर्डर आहे, फूटपट्टीचं ॲपसुद्धा आहे.

म्हणून या वेळचा गृहपाठ. तुमच्या गावात कोणी वाद्य बनवत असेल, तारपा, संबळ, घांगळी, ढोल, काहीही, तर त्यांच्याकडे जा. आधी विचारा, परवानगी घ्या, चहा घ्या. मग नळीची लांबी मोजा, भोपळ्याचा घेर मोजा, भोकांमधलं अंतर मोजा, कोणत्या महिन्यात काय तोडतात ते लिहून घ्या. वाजवताना ऐकणं तर आहेच, पण बनवताना बघा. बनवणाऱ्याचं नाव त्यांना चालत असेल तर कागदावर वर लिहा, आकडे त्याखाली. वही भरली की त्यातली एक प्रत त्यांच्याच घरी ठेवा.

मावसभाऊ पुढच्या सुट्टीत डबा बनवायला येतोय. आठ इंची. त्याच्या गाडीची मापं घ्यायला मी त्यालाच सांगितलंय.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ग्लासातला मोबाईल काढा, चार्जिंगला लावा. काळजी घ्या!